जठरातील कामकरी



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला की पगार, बोनस, महागाईभत्ता यांपैकीच काहीतरी निघणार, अशी आपली समजूत झाली असेल तर ती रास्तच आहे. आज मात्र मी पोटावर बोलणार आहे. पोटासाठी गाव सोडले, पोटावर पाय आला, पोटाला चिमटा घेऊन पोरांना शिकवले, आमचे हातावर पोट आहे, ही वाक्ये आमच्या कचेरीत रोज ऐकू येतात. पण ज्याच्यासाठी हा एवढा खटाटोप चालतो, ते पोट स्वतः काय करते, याचा विचार आपण क्वचितच करतो. मी डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा माझी भाषा वैद्यकाच्या परिभाषेत नेमकी बसली नाही, तर येथील डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

पोटाचा आणि कामगारांचा संबंध फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४९४ साली रोममधील सामान्य जन कर्जाने आणि सावकारी जाचाने गांजून शहर सोडून निघाले आणि जवळच्या एका टेकडीवर जाऊन बसले. आजच्या भाषेत हा संपच. त्यांची समजूत घालण्यासाठी सरदारवर्गाने मेनेनियस अग्रिपा नावाच्या गृहस्थाला पाठवले. लिव्ही या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, अग्रिपाने त्यांना एक गोष्ट सांगितली. एकदा शरीराचे सगळे अवयव पोटावर रुसले. आम्ही राबतो आणि हे मध्ये बसून नुसते खाते, असे म्हणून हातांनी घास उचलायचे सोडले, तोंडाने घ्यायचे सोडले, दातांनी चावायचे सोडले. परिणाम काय, तर पोटाबरोबर सगळेच अवयव क्षीण झाले. तेव्हा त्यांना कळले की पोटही काम करते. घेतलेले अन्न रक्तावाटे सर्वांना वाटून देते. तात्पर्य उघड होते. सरदारवर्ग हे पोट, आणि तुम्ही हातपाय. निमूटपणे घरी चला.

ही गोष्ट गेली अडीच हजार वर्षे कामकऱ्यांना सांगितली जात आहे. तिच्यातले पोट खरे आहे काय, हे मात्र सांगणाऱ्यांनी तपासले नव्हते, कारण पोटात डोकावून पाहण्याची सोयच नव्हती. ती सोय झाली १८२२ साली, आणि तीही एका मजुरामुळे.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांत मॅकिनॉ नावाचे बेट आहे. तेथे अमेरिकन फर कंपनीचे दुकान होते. कातड्यांच्या व्यापारात नावा वल्हवणारे आणि ओझी वाहणारे फ्रेंच-कॅनेडियन मजूर तेथे जमत. ६ जून १८२२ रोजी त्या दुकानात कोणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि अगदी जवळ उभ्या असलेल्या अलेक्सी सेंट मार्टिन या तरुण मजुराच्या डाव्या कुशीत छरे घुसले. बरगड्या मोडल्या, जठराला भोक पडले. लष्करी छावणीतील डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी उपचार केले. माणूस जगेल अशी आशा नव्हती. पण तो जगला. जठराचे भोक मात्र बुजले नाही. त्याच्या कडा बाहेरच्या कातडीला चिकटून भरल्या आणि कुशीत जठराला जणू एक खिडकी राहिली.

१८२५ पासून बोमाँट यांनी त्या खिडकीतून प्रयोग सुरू केले. रेशमी दोऱ्याला गोमांसाचे, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, शिळ्या पावाचे, कोबीचे तुकडे बांधायचे, ते जठरात सोडायचे आणि तासातासाने ओढून काय विरघळले ते पाहायचे. जठररस बाहेर काढून बाटलीत घ्यायचा, तो अंगाइतका ऊबदार ठेवायचा आणि त्यात मांसाचा तुकडा टाकायचा. बाटलीतही मांस विरघळे. त्यावरून सिद्ध झाले की जठर हे केवळ घुसळणारी पिशवी नसून त्यात एक जबर रस आहे. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे इंग्लंडात विल्यम प्राउट यांनी १८२४ साली प्रसिद्ध केले होते. बोमाँट यांचे पुस्तक १८३३ साली निघाले. १८३६ साली थिओडोर श्वान यांनी त्याच रसातून मांस पचवणारा पदार्थ ओळखून त्याला पेप्सिन हे नाव दिले.

पण त्या मजुराचे काय झाले? गावाने त्याचा खर्च सोसण्याचे नाकारले, तेव्हा बोमाँट यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले, हे त्यांच्या पदरी मांडलेच पाहिजे. त्याच घरात तो लाकडे फोडी, गड्याची कामे करी, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा आडवा होऊन पोट मोकळे करी. १८३२ साली दोघांत लेखी करार झाला: राहणे-जेवण आणि वर्षाला १५० डॉलर. सेंट मार्टिनला लिहिता येत नव्हते. त्याने सहीऐवजी खूण केली. पोटासाठी हात विकणारे आपण सगळेच आहोत. याने पोटासाठी पोटच भाड्याने दिले. तो वारंवार आपल्या मुलखाला, बायकोपोरांकडे निघून जाई, आणि १८३४ नंतर कितीही बोलावले तरी परत आला नाही. डॉक्टरांना तो हट्टी वाटला. मला तो अगदी ओळखीचा वाटतो. १८८० साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांनी प्रेत मागू नये म्हणून घरच्यांनी ते कुजू दिले आणि मग खोल पुरले. पुढे कॅनडातील शरीरशास्त्रज्ञांनी त्याच्या गावच्या चर्चवर त्याच्या नावाचा स्मृतिफलक लावला.

आता त्या खिडकीतून बोमाँट यांना जे दिसू शकले नाही, ते पाहू. त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा. जठराच्या आतल्या अस्तरावर लक्षावधी सूक्ष्म खळगे आहेत, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी नळीसारख्या ग्रंथी उघडतात. या नळ्यांच्या भिंती पेशींच्या बनलेल्या आहेत. १८७० साली जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी दाखवले की त्या पेशी एका जातीच्या नाहीत. प्रत्येक जातीचे काम वेगळे, जागा वेगळी आणि घडणही वेगळी.

पहिली जात भित्तीय पेशींची. आम्ल बनवतात त्या याच. रक्तात आम्लकणांचे जे प्रमाण असते, त्याच्या दहा लाखांहून अधिक पट तीव्र आम्ल या पेशी बाहेर फेकतात. हे फुकट होत नाही. पेशीच्या कडेवर लहान लहान पंप बसवलेले आहेत. ते एकेक आम्लकण जठराच्या बाजूला ढकलतात आणि बदल्यात पोटॅशियमचा कण आत घेतात. या चढणीवर ओझे वाहायला इंधन फार लागते. म्हणून पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या ज्या सूक्ष्म भट्ट्या असतात, त्यांनी या पेशींची जवळजवळ एकतृतीयांश जागा भरलेली असते. आम्ल एकीकडे गेले की उरलेला क्षार दुसरीकडे रक्तात जातो. भरपेट जेवणानंतर रक्त किंचित क्षारधर्मी होते ते यामुळे. आम्लाने मांस, डाळ, अंडे यांतील प्रथिनांचे घट्ट गुंडाळे सैल होतात आणि अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मरतात.

दुसरी जात मुख्य पेशींची. या पेशी पेप्सिनची सामग्री बनवतात. पेप्सिनचे काम प्रथिने तोडणे. पण पेशी स्वतःही प्रथिनांचीच बनलेली असते. मग पेप्सिन बनवणाऱ्या पेशीलाच ते खाऊन का टाकत नाही? कारण ती पेशी तयार पेप्सिन बनवतच नाही. ती पेप्सिनोजेन नावाचा बोथट पदार्थ बनवते. पात्याला म्यान घालून पाठवावे तसा तो बाहेर येतो. जठरातील आम्लाची गाठ पडली की म्यान गळते आणि पाते उघडे होते. म्हणजे एकाने हत्यार बनवायचे आणि दुसऱ्याने ते उघडायचे. भित्तीय पेशींनी काम बंद ठेवले तर मुख्य पेशींचा माल तसाच पडून राहतो.

तिसरी जात श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींची. यांच्या नावाचा कोणी उच्चार करीत नाही. पण त्या नसत्या तर पहिल्या दोघींच्या पराक्रमाने जठरच जळून गेले असते. या पेशी अस्तरावर बुळबुळीत थर पसरतात आणि त्यात क्षार सोडतात. थराच्या वरच्या बाजूला जळजळीत आम्ल, खालच्या बाजूला जवळजवळ निर्धोक ओलावा. तरीही झीज होतेच. अस्तराच्या पृष्ठभागावरील या पेशी काही थोड्या दिवसांतच झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. म्हणजे मागच्या आठवड्यात तुमच्या जठराचे रक्षण करणाऱ्या यांतील बहुतेक पेशी आज कामावर नाहीत.

या सगळ्यांना कामाची वर्दी देणाऱ्या पेशी आणखी निराळ्या आहेत. जठराच्या खालच्या भागात अन्न पोचले की तेथील पेशी गॅस्ट्रिन नावाचा निरोप रक्तात सोडतात. त्याचा सुगावा १९०५ साली इंग्लंडात एडकिन्स यांना लागला. दुसऱ्या काही पेशी हिस्टामीन सोडून भित्तीय पेशींना चेतवतात. आम्ल पुरे झाले की तिसऱ्या पेशी 'आता थांबा' असा निरोप देतात. आणि या सगळ्यांच्या आधी निरोप येतो तो मेंदूकडून. रशियात इव्हान पाव्हलॉव्ह यांनी दाखवले की, कुत्र्याने चावलेले अन्न जठरात पोचूच दिले नाही तरी नुसत्या खाण्याने त्याचे जठर रस सोडू लागते. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फोडणीचा वास आला, ताट समोर आले, की आपल्या जठरात तयारी सुरू होते ती अशी. उलट भीती आणि संताप यांनी हे काम बिघडते, हे बोमाँट यांनीही सेंट मार्टिनच्या बाबतीत टिपले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती दिली. त्या अर्ध्या तासात मशीनजवळ उभ्याने डबा संपवणारा कामगार आणि शेजारी बसून चार शब्द बोलत जेवणारा कामगार, यांच्या डब्यात एकच भाजी असली तरी जेवण एकच नसते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग जठरावाचून माणूस जगणारच नाही. तसे नाही. कर्करोगासारख्या रोगात संपूर्ण जठर काढून टाकलेली माणसे थोडे थोडे खाऊन जगतात, कारण पचनाचा पुष्कळसा भार स्वादुपिंड आणि आतडे उचलतात. मात्र जठराचे एक काम दुसरा कोणताही अवयव करीत नाही, आणि ते काम भित्तीय पेशींकडेच आहे. त्याचा शोध फार मनोरंजक आहे.

एक प्राणघातक पांडुरोग होता. रोगी पिवळा पडत जाई आणि दगावे. १९२६ साली मिनो आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रोग्यांना रोज भरपूर यकृत खाऊ घातले आणि ते सुधारू लागले. मग निरोगी माणसाला यकृताच्या अशा खुराकाची गरज का नसते, असा प्रश्न बॉस्टनच्या विल्यम कॅसल यांना पडला. त्यांनी स्वतः गोमांस खाल्ले, तासाभराने ते जठरातून बाहेर काढले आणि नळीवाटे रोग्यांच्या पोटात घातले. रोग्यांचे रक्त वाढू लागले. नुसते मांस देऊन ते वाढत नव्हते आणि नुसता जठररस देऊनही वाढत नव्हते. दोन्ही एकत्र हवे होते. जठररसातल्या या वस्तूला त्यांनी आंतरिक घटक म्हटले. मांसातली वस्तू म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते १९४८ साली शुद्ध स्वरूपात हाती आले. आंतरिक घटक या जीवनसत्त्वाचा हात धरून त्याला लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतो आणि तेथे ते रक्तात शिरते. त्या रोग्यांच्या शरीराने स्वतःच्याच भित्तीय पेशी नष्ट केलेल्या असतात, म्हणून पुढ्यात वाढलेले अन्नही त्यांना लाभत नाही. आज बी-१२ च्या इंजेक्शनांनी हा रोग काबूत राहतो.

येथे मुंबईचा संबंध येतो. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईस आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. गरीब गरोदर स्त्रिया, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या बाया, एका तीव्र पांडुरोगाने खंगत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रक्त थेट त्या प्राणघातक पांडुरोगासारखे दिसे. मग दोष जठराच्या पेशींचा असेल काय? विल्स बाईंनी या स्त्रिया काय खातात ते पाहिले, आहार बदलून पाहिला, आणि १९३१ साली जाहीर केले की मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिला की या बाया बऱ्या होतात. पुढे असेही दिसले की प्राणघातक पांडुरोगावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क त्यांना लागू पडत नाही. म्हणजे रोग निराळा होता. त्यांना कमी पडत होते ते फोलिक आम्ल. पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले १९४१ साली.

बंधुभगिनींनो, या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. रक्त तसेच, अशक्तपणा तसाच. पण एका ठिकाणी बिघाड पेशींत होता आणि दुसऱ्या ठिकाणी ताटात होता. गिरणीतल्या त्या बायांच्या जठरातल्या पेशी आपले काम करीत होत्या. त्यांच्यापर्यंत पुरेसा मालच येत नव्हता. आज जगभर गरोदर स्त्रियांना फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या ज्ञानाच्या पायात मुंबईच्या कामकरी स्त्रियांचे रक्त आहे, आणि त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

असाच प्रकार अल्सरचा, म्हणजे जठरव्रणाचा. वर्षानुवर्षे कामगाराला सांगण्यात आले की तू तिखट फार खातोस, काळजी फार करतोस, म्हणून तुझ्या पोटात व्रण झाला. म्हणजे व्रण त्याच्या पोटात आणि अपराधही त्याचाच. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना रोग्यांच्या जठरातून एक जंतू वाढवून वेगळा काढता आला. एवढ्या आम्लात जंतू जगेल यावर कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली त्या जंतूंचे पेय स्वतः प्यायले आणि काही दिवसांतच त्यांच्या जठराला दाह सुरू झाला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू श्लेष्म्याच्या थरात घर करतो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, काहींना व्रण होतो. दाटीची वस्ती आणि अस्वच्छ पाणी असेल तेथे तो बालपणापासूनच पोटात शिरतो. तपासणी करून योग्य प्रतिजैविके घेतली तर तो हटवता येतो आणि व्रण बरा होतो.

व्रणाचे दुसरे मोठे कारण आपल्या खिशात असते. पाठ धरली, गुडघा दुखला, की वेदनाशामक गोळी घ्यायची आणि पाळीवर जायचे, ही सवय मी पुष्कळ कामगारांत पाहतो. कंत्राटी कामगाराला तर दुसरा इलाज नसतो. एक खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. अॅस्पिरिनसारखी औषधे शरीरात काय करतात, ते इंग्लंडात जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. दुखणे वाढवणारे जे पदार्थ ती रोखतात, त्याच जातीचे पदार्थ जठरात श्लेष्म्याचा थर आणि अस्तराचा रक्तपुरवठा राखण्याचे काम करतात. म्हणजे गोळी गुडघ्याला शांत करते आणि जठराच्या पहारेकऱ्याला झोपवते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही याच कुळातली. ती मनाने महिनोन्महिने घेऊ नका. शौचाला डांबरासारखे काळे झाले तर ते पोटातल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. त्या दिवशी पाळी सोडून दवाखाना गाठा. आम्लाचे पंप बंद पाडणाऱ्या गोळ्याही चांगल्या आहेत, पण त्याही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वर्षानुवर्षे चालू ठेवण्याच्या नव्हेत.

आता अग्रिपाच्या गोष्टीचा हिशेब पुरा करू. अवयव एकमेकांवर अवलंबून आहेत, हे त्याचे म्हणणे खरे होते. पोट काम करते, हेही खरे. परंतु पोट म्हणजे सरदार, ही उपमा मात्र सूक्ष्मदर्शकाखाली टिकत नाही. जठर आलेल्या अन्नातले स्वतःसाठी जवळजवळ काहीच काढून घेत नाही. ते सगळे पुढे आतड्याकडे धाडते, तेथून ते रक्तात जाते, आणि जठराच्या पेशींना त्यांचा शिधा त्याच रक्तातून मिळतो, जसा तो हाताच्या बोटाला मिळतो. जठरात मालक कोणी नाही. तेथे आम्ल बनवणारे, हत्यार बनवणारे, पहारा करणारे आणि निरोप नेणारे असे कामकरीच तेवढे आहेत. त्या रोमन लोकांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. पण नुसत्या गोष्टीवर ते परत फिरले नाहीत. आपले स्वतःचे प्रतिनिधी, ट्रिब्यून, निवडण्याचा हक्क पदरात पाडून मगच ते शहरात आले.

जठराविषयीचे ज्ञान एका नाववाल्या मजुराच्या कुशीतून मिळाले; पांडुरोगाविषयीचे पुष्कळसे गिरणीकामगार बायांच्या रक्तातून मिळाले. ज्यांच्या देहातून हे ज्ञान निघाले, त्यांच्या घरी ते परत पोचले पाहिजे. स्वच्छ पाणी, ताटात डाळ, दूध आणि हिरवी भाजी, बसून जेवण्यापुरता निवांत वेळ, आणि पोट दुखले तर वेळेवर तपासणी, एवढे मागणे म्हणजे चैन नव्हे. जठरातील पेशी आपले काम चोख करतात. त्यांच्यापर्यंत चांगला घास पोचवण्याचे काम मात्र आपण सर्वांनी मिळून करावयाचे आहे.